न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग : व्यवहार आणि तत्त्वचिंतन

तत्त्वज्ञान हा विद्यार्थिदशेतील छंद किंवा वार्धक्यातील विरंगुळा होय, अशी समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. मुलगा कॉलेजात असताना द्वैत-अद्वैतावर वाद घालू लागला तर वडीलधारी माणसे कौतुकाने ऐकतात. परंतु तोच मुलगा कर्तासवरता झाल्यावर, वकिलीच्या अथवा सार्वजनिक कार्याच्या ऐन धामधुमीत, गीतेवरील भाष्ये उघडून बसला तर घरात कुजबुज सुरू होते. ही समजूत केवळ आपलीच आहे असे नाही. प्लेटोने आपल्या ‘गॉर्जियास’ ह्या संवादात कॅलिक्लीज नामक एका अथेन्सवासी राजकारणी गृहस्थाच्या मुखाने हाच आक्षेप घेतला आहे. तरुणपणी थोडेसे तत्त्वज्ञान शोभते, पण प्रौढ पुरुष त्यातच रमला तर तो व्यवहाराला आणि राजकारणाला मुकतो, असा त्याचा मथितार्थ आहे. ह्या आक्षेपाचे उत्तर ग्रंथांपेक्षा एखाद्या चरित्रात शोधणे अधिक सोपे, असे आम्हांस वाटते. म्हणून न्यायमूर्ती तेलंग यांचे चरित्र आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो.

काशिनाथपंतांचा जन्म 1850 साली मुंबईत एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. प्रारंभीचे शिक्षण मराठी शाळेत झाल्यावर 1859 साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले व तेथून एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. एम. ए. आणि एलएल. बी. ह्या पदव्या संपादन करून ते काही काळ कॉलेजात फेलो होते. हायकोर्टाच्या मूळ शाखेत एतद्देशीयांना वकिली करण्याचा मार्ग बाळ मंगेश वागळे यांनी नुकताच मोकळा केला होता. त्याच मार्गाने जाऊन तेलंगांनी अ‍ॅडव्होकेटची कठीण परीक्षा दिली आणि 1872 साली सनद घेतली. वयाच्या बाविसाव्या वर्षी असा धंदा हाती आल्यावर पुष्कळांनी पोथ्या माळ्यावर टाकल्या असत्या. तेलंगांनी तसे केले नाही.

पुढील दहा वर्षांतील त्यांचे लेखन पाहिले म्हणजे मन थक्क होते. रामायण हे होमरच्या काव्यावरून रचले असावे, ह्या जर्मन पंडित वेबर यांच्या मताचे खंडन करणारा त्यांचा निबंध 1873 साली प्रसिद्ध झाला. 1874 साली त्यांनी भर्तृहरीची नीतिशतक व वैराग्यशतक ही दोन शतके संपादून छापली. 1875 साली भगवद्गीतेचे इंग्रजी पद्यात भाषांतर केले आणि गीतेवर ख्रिस्ती धर्मग्रंथांची छाया आहे, ह्या लोरिन्सर यांच्या प्रतिपादनास प्रस्तावनेत सविस्तर उत्तर दिले. 1882 साली मॅक्सम्युल्लर यांच्या सुप्रसिद्ध ग्रंथमालेचा आठवा खंड म्हणून त्यांचे गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता यांचे गद्य भाषांतर बाहेर पडले. त्या वेळी ते बत्तीस वर्षांचे होते आणि वकिलीचा व्याप दिवसेंदिवस वाढत होता.

ह्या भाषांतराच्या प्रस्तावनेतील एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. स्वदेशाभिमानाने लिहिणाऱ्यास गीता ही सर्वांगपरिपूर्ण, काटेकोर अशी दर्शनपद्धती आहे, असे म्हणण्याचा मोह सहज झाला असता. तेलंगांनी तो आवरला. गीतेत वेगवेगळे विचार शेजारी शेजारी आले आहेत, त्यांचा पूर्ण मेळ ग्रंथकाराने घातलेला नाही, ती उपनिषदांप्रमाणे दर्शनपद्धती तयार होण्यापूर्वीच्या काळातील आहे, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. आणि त्याच आधारावर तिचे प्राचीनत्व सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. परकीयांचा चुकीचा आरोप खोडावयाचा, पण त्यासाठी स्वकीयांची खोटी स्तुती करावयाची नाही, ही शिस्त त्यांना तत्त्वचिंतनाने लाविली होती.

हीच शिस्त त्यांच्या सार्वजनिक कार्यात दिसते. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ अनिर्बंध व्यापाराचे तत्त्व हे सर्व देशांना व सर्व काळी लागू असल्याप्रमाणे सांगत. 1877 साली तेलंगांनी ह्या विषयावर हिंदुस्थानच्या दृष्टीने विचार करणारा निबंध लिहिला. जे तत्त्व सार्वत्रिक म्हणून पुढे येते ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरते, हे तपासून पाहिल्यावाचून त्यांनी ते मान्य केले नाही, आणि बाल्यावस्थेतील देशी उद्योगांना संरक्षण असावे, ह्या बाजूने त्यांनी युक्तिवाद केला. 1883 साली इल्बर्ट बिलावरून युरोपियनांनी गदारोळ माजविला तेव्हा 28 एप्रिल रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये जी सभा झाली, तीत फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याबरोबर तेलंग बोलले. विरुद्ध पक्ष संतापाने बोलत असता त्यांनी मात्र मुद्द्यास मुद्दा लावून उत्तर दिले.

लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत 1882 साली नेमलेल्या शिक्षण-आयोगाचे ते सभासद होते. कॉलेजातील विद्यार्थ्यांसाठी नीतिधर्माचे एक पाठ्यपुस्तक तयार करावे व मनुष्याची आणि नागरिकाची कर्तव्ये यांवर व्याख्याने द्यावीत, अशी सूचना आयोगाने केली. नीतिशतकाचा संपादक आणि गीतेचा भाषांतरकार ह्या सूचनेचे स्वागत करील, असेच कोणासही वाटेल. परंतु तेलंगांनी भिन्नमतपत्रिका जोडून तिला विरोध केला. नीती ही नेमलेले पुस्तक पाठ करून येत नाही, ती विद्यालयाच्या एकंदर जीवनातून मुरावी लागते, असा त्यांचा अभिप्राय होता. तत्त्वज्ञानावर ज्याचे खरे प्रेम असते त्याला त्याचे घोकंपट्टीतील सोंग सहन होत नाही, हेच ह्यावरून दिसते.

1885 साली मेहता व तय्यबजी यांच्यासमवेत त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. त्यात कायदेमंडळांच्या सुधारणेचा ठराव तेलंगांनी मांडला. 1886 साली, राजकीय सुधारणेपूर्वी सामाजिक सुधारणा झालीच पाहिजे काय, ह्या प्रश्नावर त्यांनी एक व्याख्यान दिले. एकीसाठी दुसरीला थांबवून ठेवण्याचे कारण नाही, दोन्ही चालल्या पाहिजेत, परंतु जेथे मार्ग अधिक मोकळा आहे तेथे पाऊल अधिक वेगाने पडणारच, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. 1887 साली त्यांनी लेसिंग ह्या जर्मन ग्रंथकाराच्या धर्मसहिष्णुतेवरील नाटकाचे ‘शहाणा नेथन’ ह्या नावाने मराठीत रूपांतर केले.

1889 साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. हिंदू कायद्याच्या प्रश्नांत ते इंग्रजी सारांशांवर विसंबून राहत नसत. मूळ संस्कृत ग्रंथ काय म्हणतात, हे स्वतः पाहत. आप्पाजी विरुद्ध रामचंद्र ह्या वाटणीच्या दाव्यात इतर न्यायाधीशांचे मत एकीकडे असता त्यांनी आपले भिन्न मत स्वतंत्रपणे नोंदविले. 1892 साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. पुढच्याच वर्षी, 1 सप्टेंबर 1893 रोजी, त्यांचा अंत झाला. वय अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते.

येथवरचा वृत्तांत सर्वथा गौरवाचा आहे. परंतु चरित्र सांगताना एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला तेलंगांचा पाठिंबा होता. बालविवाह अनिष्ट आहे, हे त्यांनी बुद्धीने पुरते ओळखले होते. असे असूनही त्यांनी स्वतःच्या मुलीचे लग्न अल्पवयातच लावून दिले. ह्याबद्दल सुधारकांनी त्यांस दोष दिला आणि विरोधकांना उपहासास विषय मिळाला. टाउन हॉलमध्ये न डगमगलेला पुरुष स्वतःच्या घरात डगमगला. तेव्हा, ज्या विद्येने घरच्या माणसांपुढे ठाम उभे राहण्याचे बळ येत नाही, ती विद्या काय कामाची, असे कॅलिक्लीजचे आजचे अनुयायी विचारतील.

आक्षेप खरा आहे, आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. तत्त्वचिंतन मनुष्यास धैर्य आयते आणून देत नाही, हे तेलंगांच्या चरित्रावरून मान्यच केले पाहिजे. पण त्याच चरित्राची दुसरी बाजू पाहावी. आपण तेलंगांना दोष देतो तो कोणत्या मापाने? ते माप त्यांनीच आपल्या लेखणीने व वाणीने घडविण्यास हातभार लाविला होता. त्या काळी शेकडो प्रतिष्ठित गृहस्थांनी आपल्या लहान मुलींची लग्ने लाविली. त्यांपैकी कोणास कोणी जाब विचारला नाही, कारण त्यांनी कधी तत्त्वाचा विचारच केला नव्हता. विचार करणाऱ्याची चूक उघडी पडते आणि म्हणूनच पुढच्या पिढीला ती सुधारता येते. विचारच न करणाऱ्याची चूक रूढी होऊन बसते.

तेलंगांना जाऊन आज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. आपल्या कुटुंबांतील मुलेमुली आता डॉक्टर, इंजिनियर, वकील होतात, परदेशी जातात, कोणी निवडणुकीसही उभे राहतात. ह्या धावपळीत गीता, भर्तृहरी किंवा प्लेटो यांना वेळ कोठून आणावा, असा प्रश्न पुष्कळ पालक करतात. वकिली, आयोग, राष्ट्रीय सभा, न्यायासन आणि विद्यापीठ एवढा भार त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात वाहणाऱ्या एका गृहस्थाने तो वेळ काढला होता, एवढेच आम्ही त्यांस सांगू. आणि त्याला त्यापासून लाभ काय झाला, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर असे की, परक्याच्या आरोपाने चिडून न जाण्याची, आपल्या माणसांची खोटी स्तुती न करण्याची आणि बहुमताविरुद्ध शांतपणे मत नोंदविण्याची सवय त्याला लागली. सार्वजनिक कार्यात पडणाऱ्या प्रौढ माणसाला ह्याहून अधिक उपयोगी शिदोरी कोणती, ते आम्हांस ठाऊक नाही. जे धैर्य घराच्या उंबरठ्याआत तेलंगांना पुरले नाही ते आपल्याला पुरावे, अशी इच्छा धरूनच त्यांच्या स्मृतीस वंदन करणे उचित होईल.