जॉर्ज थॉमस

सर जॉर्ज ॲलन थॉमस (१४ जून, १८८१ : थेरापिया, इस्तंबूलजवळ – २३ जुलै, १९७२ : लंडन) हे इंग्लंडचे बॅडमिंटनपटू, बुद्धिबळपटू व टेनिसपटू होते. पुरुष दुहेरी आणि मिश्र दुहेरी या प्रकारांतील त्यांची कामगिरी विशेष उल्लेखनीय आहे. ते आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघाचे पहिले अध्यक्ष होते. पुरुषांच्या जागतिक सांघिक स्पर्धेसाठी दिला जाणारा थॉमस करंडक त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

प्रारंभिक जीवन

थॉमस यांचा जन्म एका इंग्लिश सरदार घराण्यात झाला. वडिलांच्या पश्चात ते घराण्याचे सातवे बॅरोनेट झाले. त्यांच्या आई लेडी एडिथ थॉमस या निष्णात बुद्धिबळपटू होत्या. १८९५ मध्ये हेस्टिंग्ज येथे झालेली महिलांची बुद्धिबळ स्पर्धा त्यांनी जिंकली होती. मुलाला या खेळाची गोडी आईकडूनच लागली.

थॉमस यांचे वास्तव्य इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउथसी या गावी होते. इंग्लंडची बॅडमिंटन संघटना १८९३ मध्ये याच गावात स्थापन झाली होती. या खेळाचे महाराष्ट्राशी जुने नाते आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतील ब्रिटिश अधिकारी तो खेळत असत व त्याचे आरंभीचे नियमही तेथेच तयार झाले. त्यामुळे काही काळ हा खेळ पूना या नावानेच ओळखला जात असे. मायदेशी परतलेल्या अधिकाऱ्यांनी तो इंग्लंडच्या किनारी गावांत रुजवला.

बॅडमिंटन कारकीर्द

ऑल इंग्लंड स्पर्धा १८९९ मध्ये सुरू झाली, तेव्हा तीत केवळ दुहेरीचे सामने होते. एकेरीचा समावेश पुढील वर्षी झाला. यावरून त्या काळी दुहेरी हाच या खेळाचा मुख्य प्रकार मानला जात होता, असे दिसते. थॉमस यांची जडणघडण याच वातावरणात झाली. १९०३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळवले. १९०६ मध्ये पुरुष दुहेरी व मिश्र दुहेरी ही दोन्ही विजेतेपदे त्यांच्याकडे आली.

पहिल्या महायुद्धामुळे १९१५ ते १९१९ या काळात ऑल इंग्लंड स्पर्धा होऊ शकली नाही. युद्धापूर्वीच्या शेवटच्या स्पर्धेत, १९१४ मध्ये, थॉमस यांनी दुहेरीच्या दोन्ही प्रकारांत विजय मिळवला होता. त्यानंतरची पाच वर्षे, म्हणजे खेळाडूच्या उमेदीचा मोठा काळ, स्पर्धेविना गेली. १९२० मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. त्या वर्षी त्यांनी प्रथमच एकेरीचे विजेतेपद मिळवले आणि १९२३ पर्यंत सलग चार वर्षे ते राखले. १९२१ मध्ये एकेरी, पुरुष दुहेरी व मिश्र दुहेरी या तिन्ही प्रकारांत ते अजिंक्य ठरले. १९२० ते १९२२ या तीन वर्षांत मिश्र दुहेरीत हेझल हॉगार्थ या त्यांच्या साथीदार होत्या. पुरुष दुहेरीत युद्धोत्तर काळात त्यांनी फ्रँक हॉज यांच्यासह यश मिळवले. १९२८ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी पुरुष दुहेरीचे अखेरचे विजेतेपद पटकावले.

पंचवीस वर्षांत त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धेत एकूण २१ विजेतेपदे मिळवली. त्यांपैकी ४ एकेरीची, ९ पुरुष दुहेरीची व ८ मिश्र दुहेरीची होती. ही संख्या आजवर कोणाही खेळाडूस गाठता आलेली नाही. त्या काळी बॅडमिंटन हा हौशी खेळाडूंचा खेळ होता आणि थॉमस अखेरपर्यंत हौशी खेळाडूच राहिले. त्यांनी या खेळाच्या तंत्रावर ग्रंथलेखनही केले. १९२० व १९३० च्या दशकांत त्यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडच्या खेळाडूंनी कॅनडाचे दौरे केले.

अन्य खेळ

टेनिसमध्ये थॉमस यांनी १९११ साली विंबल्डनच्या एकेरीत उपांत्यपूर्व फेरी गाठली. बुद्धिबळात ते १९२३ व १९३४ मध्ये ब्रिटिश विजेते ठरले. १९३२ व १९३३ या आधीच्या दोन वर्षी हे विजेतेपद पंजाबमधील मीर सुलतान खान यांच्याकडे होते. १९३४-३५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत थॉमस यांनी कापाब्लांका व बोट्विनिक या दोघांनाही हरवले आणि ऑयवे व फ्लोर यांच्यासह संयुक्तपणे पहिले स्थान मिळवले. १९५० मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब देण्यात आला.

थॉमस करंडक

१९३४ मध्ये नऊ राष्ट्रीय संघटनांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन केला. थॉमस हे १९३४ ते १९५५ पर्यंत त्याचे अध्यक्ष होते. टेनिसमधील डेव्हिस चषकाप्रमाणे बॅडमिंटनमध्येही राष्ट्रांची सांघिक स्पर्धा असावी, असे त्यांचे मत होते. त्यासाठी १९३९ मध्ये त्यांनी करंडक देऊ केला. परंतु त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने स्पर्धा जवळजवळ दहा वर्षे लांबणीवर पडली.

पहिली स्पर्धा १९४८-४९ मध्ये झाली. प्रत्येक लढतीत पाच एकेरी व चार दुहेरी असे नऊ सामने असत. त्यामुळे केवळ एकेरीतील निष्णात खेळाडूंच्या बळावर करंडक जिंकणे अवघड होते. दुहेरीच्या जोड्याही तितक्याच भक्कम असाव्या लागत. प्रेस्टन येथील अंतिम लढतीत मलायाने डेन्मार्कचा ८-१ असा पराभव केला. १९५२ व १९५५ मध्येही मलायाच विजयी ठरला. अशा रीतीने इंग्लंडमध्ये नावारूपाला आलेल्या या खेळाचे नेतृत्व, थॉमस अध्यक्ष असतानाच, आशियाकडे आले.

वारसा

थॉमस अविवाहित होते. त्यांच्या निधनानंतर घराण्याचा बॅरोनेट हा किताब संपुष्टात आला. जागतिक बॅडमिंटनच्या मानवंदना यादीत त्यांचा १९९६ मध्ये समावेश करण्यात आला.

भारतात थॉमस करंडकाची परंपरा जुनी आहे. सांगली येथे जन्मलेले नंदू नाटेकर यांनी या स्पर्धेत भारतीय संघाचे नेतृत्व केले होते. १५ मे, २०२२ रोजी बँकॉक येथे भारताने इंडोनेशियाला ३-० असे नमवून प्रथमच हा करंडक जिंकला. त्या लढतीतील दुहेरीचा सामना मुंबईचे चिराग शेट्टी व आंध्र प्रदेशचे सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांनी जिंकला होता.