स्टेफी डिसोझा कुणाला आठवते?

मिल्खासिंग ठाऊक नाही असा माणूस आमच्या खडकीच्या बाजारात शोधूनही सापडणार नाही. १९५८ साली टोकियोच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी २०० आणि ४०० मीटर धावण्यात सुवर्णपदके जिंकली, त्यांच्यावर चित्रपटही निघाला. ते योग्यच झाले. पण त्याच टोकियोत महिलांच्या २०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवणारी मुलगी आमच्या पुण्याची होती, हे किती पुणेकरांना माहीत आहे?

तिचे नाव स्टेफी डिसोझा. मूळच्या गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबात १९३६ साली तिचा जन्म झाला. १९५४ साली मनिलाच्या आशियाई स्पर्धेत ४ बाय १०० मीटर रिलेत भारतीय मुलींनी सुवर्णपदक जिंकले. त्या चौघींत स्टेफी होती, वय अवघे सतरा. सोबत क्रिस्टीन ब्राउन, व्हायोलेट पीटर्स आणि मुंबईची मेरी डिसोझा. त्याआधी १९५१ साली दिल्लीत १०० मीटरचे रौप्यपदक मिळवले होते रोशन मिस्त्री या पारशी मुलीने.

ही नावे पुन्हा एकदा वाचा. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, पारशी! बाकीच्या समाजातील मुलींना काय पाय नव्हते? पाय होते, परवानगी नव्हती. सोवळ्यात वाढलेल्या घरांत मुलीने अर्ध्या चड्डीत चारचौघांसमोर धावणे म्हणजे कुळाला बट्टा. आणि आमच्या वस्त्यांतल्या मुली? त्या तर रोजच धावत होत्या. डोक्यावर मोळी, कमरेवर घागर घेऊन. पण त्यांच्या धावण्याची वेळ मोजायला कुणी घड्याळ घेऊन उभे नव्हते. ज्या समाजांनी मुलींना शाळा आणि शाळेला मैदान दिले, त्यांच्याच मुली आधी पुढे गेल्या. गुणवत्ता जन्माने येते म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

बाईचे शरीर दुबळे असते, हा समज काही आपल्याच देशाचा नव्हता. १९२८ च्या ऑलिम्पिकनंतर महिलांची ८०० मीटर शर्यत बंद केली गेली, ती १९६० मध्ये पुन्हा सुरू झाली. महिलांची ४०० मीटर शर्यत तर ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आली ती १९६४ साली, टोकियोत. त्या पहिल्याच शर्यतीत भारताकडून स्टेफी डिसोझा धावल्या. प्राथमिक फेरीपुढे त्या गेल्या नाहीत. पण जे दार जगातल्या बायकांसाठी नुकतेच उघडले होते, त्यातून आत जाणाऱ्यांत त्या होत्या, हे लहान काम नव्हे.

त्या हॉकीतही भारताकडून खेळल्या. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला आणि १९६३ साली तो स्टेफी डिसोझांना मिळाला. धावण्या-फेकण्याच्या खेळांत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९९८ साली जमशेदपूरला त्यांचे निधन झाले. पुण्याने त्यांची फारशी आठवण ठेवली नाही.

एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे. स्टेफी डिसोझा रेल्वेच्या नोकरीत होत्या. महिन्याचा पगार हातात होता, म्हणून सराव चालू राहिला. पदकामागे नुसती जिद्द नसते, पोटाची सोयही असते.

आज पहाटे खडकी स्टेशनच्या रस्त्याने जा. पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या आमच्या मुली दिसतील. साधे बूट, शिकवणारा कुणी नाही. शेजारी छावणीची प्रशस्त मैदाने आहेत, पण त्यांना कुंपण आहे. सरकारी नोकऱ्या कंत्राटात विरघळत चालल्या आहेत. या मुलींत एखादी स्टेफी नसेलच कशावरून? पण ती आहे की नाही हे कळायला आधी तिला मैदान मिळाले पाहिजे, आणि तिची वेळ मोजणारा कुणीतरी तिथे उभा असला पाहिजे. समाजातील शिकलेल्या, नोकरदार बांधवांनो, निदान ते घड्याळ तरी आपण हाती घेऊ या!