कर्नल सायक्स आणि आमच्या नद्यांतील मासे

संगमाच्या पुलावरून जातांना, खालच्या पाण्याशीं मत्स्यशास्त्राचा कांहीं संबंध असेल, असें फारच थोड्यांच्या मनांत येतें. तो संबंध जोडणारा गृहस्थ पंडित नव्हता, शिपाई होता.

विल्यम हेन्री सायक्स इ. स. 1790 मध्यें जन्मला व लहान वयांतच कंपनीच्या मुंबई फौजेंत शिरला. 1805 सालच्या भरतपूरच्या वेढ्यांत तो होता. 1817 सालीं खडकी व येरवडा येथें पेशव्यांच्या सैन्याशीं झालेल्या लढायांतही होता. आपल्या लोकांनीं त्याचें स्मरण प्रेमानें करावें असें यांत कांहीं नाहीं, हें खरें!

परंतु 1824 सालीं गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीं त्यास दख्खनची पिकें, लोकसंख्या इत्यादींची माहिती जमविण्याच्या कामावर नेमलें, आणि त्या फिरतींत तो पशु, पक्षी व मासे निरखूं लागला. 1829 सालीं सरकारनें ती जागाच मोडली. तरी 1831 सालीं स्वदेशीं परतेपर्यंत त्यानें काम सोडलें नाहीं.

मासा मेला कीं त्याचे रंग उतरूं लागतात व दारूंत ठेवला तरी ते टिकत नाहींत. म्हणून नदीकाठीं केलेल्या टिपणांस मोल असतें. भीमा, मुळा-मुठा व त्यांस मिळणाऱ्या नद्या यांतील चाळीसांहून अधिक जातींचें वर्णन त्यानें 1838 सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें ठेवलें. 1841 सालीं तें चित्रांसह छापलें गेलें. शास्त्रीय नांवें देतांना त्यानें येथल्या लोकांच्या तोंडचेच शब्द पुष्कळदां घेतले. शिंगटी, मळ्या, खुद्री हे शब्द त्यामुळें जगभरच्या ग्रंथांत गेले. खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर. त्याचें मूळ स्थळ पुण्याच्या पूर्वेस सुमारें 8 मैलांवरचें मुळा-मुठेचें पात्र होय.

त्याच्या हातून घोटाळेही झाले. त्याचा ‘मुसुल्ला’ नेमका कोणता मासा, याविषयीं पुढें दीर्घकाळ वाद चालला. पुष्कळ वर्षें त्यास महासीरांत गणीत, अलीकडे तो निराळ्या गणांत घातला आहे.

सायक्स पुढें कंपनीचा अध्यक्ष व पार्लमेंटचा सभासद झाला आणि 1872 सालीं लंडन येथें वारला. शहरांतून वाहणाऱ्या मुळा-मुठेंत त्यानें पाहिलेल्या जातींपैकीं कित्येक आतां आढळत नाहींत. खुद्रीचीं पिलें मात्र लोणावळ्यास वळवण तलावापाशीं 1970 नंतरच्या काळांत मुद्दाम वाढवून निरनिराळ्या जलाशयांत सोडण्यांत आलीं.