अर्ध्या तासाची एक खेळी

आरमोरीत आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसलेली पोरे हल्ली मोबाइलवर बुद्धिबळ खेळताना दिसतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून तर जास्तच. समोरचा मोबाइल पापणी लवायच्या आत खेळी करतो. हा खेळ यंत्राला शिकवू पाहणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एकाला मात्र एका खेळीला जवळपास अर्धा तास लागत असे. कारण त्या डावात प्रोसेसरचे काम तो स्वतःच करत होता. त्याचे नाव अॅलन ट्युरिंग.

जन्म लंडनचा, २३ जून १९१२. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. मुलांना विलायतेत दुसऱ्यांच्या घरी ठेवून आईवडील भारतात राहत. एकलकोंडा ट्युरिंग गणितात रमला. पायऱ्या-पायऱ्यांनी लिहिता येईल असे कोणतेही गणित एकच यंत्र करू शकेल, हे त्याने १९३६ मध्ये मांडले. आजचा प्रत्येक संगणक त्याच कल्पनेवर उभा आहे. महायुद्धात ब्लेचली पार्क येथे त्याने जर्मनांचे एनिग्मा संकेत फोडायला मोठा हातभार लावला. परागकणांची अॅलर्जी असल्याने तो तोंडाला गॅस मास्क बांधून सायकल चालवी.

१९४८ मध्ये मित्र चॅम्परनाऊनबरोबर त्याने बुद्धिबळाचे नियम लिहिले. प्याद्याला १ गुण, घोड्याला ३, उंटाला साडेतीन, हत्तीला ५, वजिराला १०. प्रत्येक खेळी तपासायची, तिचे उत्तर पाहायचे आणि बेरीज करायची. १९५२ मध्ये सहकारी अॅलिक ग्लेनीशी तो कागद-पेन्सिल घेऊन या नियमांनी खेळला आणि २९ चालींत हरला.

पुढे यंत्रांचा वेग वाढला. १९९७ मध्ये कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होता. पण नुसत्या वेगाची एक मर्यादा आहे. पटावर एका वेळी साधारण ३० खेळ्या शक्य असतात. म्हणून एक पाऊल पुढचे पाहायला ३० पट काम, दोन पावलांना ९०० पट. प्रोसेसर ३० पट वेगवान केला, तरी नजर एकच पाऊल पुढे जाते. खरा फायदा होतो तो निरुपयोगी फांद्या आधीच छाटल्याने. आम्ही डॉक्टरही पोटदुखीच्या प्रत्येक रुग्णाच्या सगळ्या तपासण्या करत नाही. आधी चार प्रश्न विचारतो, पोट तपासतो, मग ठरवतो.

त्याच १९५२ साली ट्युरिंगने जीवशास्त्रावर एक शोधनिबंध लिहिला. प्राण्यांच्या अंगावर ठिपके-पट्टे कसे उमटत असतील, हे त्याने गणिताने दाखवले. आपल्या जंगलातला बिबट पाहिला की मला तो आठवतो.

आणि त्याच वर्षी, समलिंगी संबंधांबद्दल न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. तुरुंग टाळण्यासाठी त्याला वर्षभर स्त्री-संप्रेरकांचा मारा सोसावा लागला. त्याने नपुंसकत्व आले, छाती वाढली. शिक्षा न्यायालयाची होती. औषध मात्र आमच्या पेशाने दिले आणि त्याला उपचार म्हटले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषबाधेने तो गेला. वय ४१. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. ब्रिटनने त्याला माफी दिली ती २०१३ मध्ये.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने असे संबंध ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्यातून वगळले. असा कल ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तरीही मुलाला ‘नीट करून द्या’ म्हणत काही आईवडील दवाखान्याची पायरी चढतात. त्यांना सांगायचे ते एवढेच: हा आजार नाही, म्हणून याला औषधही नाही. कोणी इंजेक्शन, गोळी किंवा मंत्र देऊ करत असेल, तर मुलाला घेऊन तिथून उठा. मूल खचलेले दिसले, झोप-जेवण सुटले, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडे जरूर या. उपचार त्या खचण्यावर आहेत.