जॉन ब्राउनिंग: तुमच्या गेममधल्या बंदुकांमागचा माणूस

बीजीएमआयमध्ये पॅराशूटने खाली उतरलात आणि पहिल्याच घरात पी१९११ पिस्तूल मिळालं. पुढच्या घरात एस१८९७ शॉटगन. मिरामार मॅपवर असाल तर विन९४ रायफल. बंदुका तीन, पण तिन्हींच्या मूळ डिझाइनमागे डोकं एकाच माणसाचं: जॉन मोझेस ब्राउनिंग.

त्यांची चौथी बंदूक म्हणजे बीएआर, अर्थात ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफल. हिच्याबाबत गेम बनवणाऱ्यांचं अजून एकमत नाही. बॅटलफील्ड १ मध्ये (२०१६) ती सपोर्ट क्लासची एलएमजी आहे. कॉल ऑफ ड्यूटी व्हॅनगार्डमध्ये (२०२१) तीच असॉल्ट रायफल आहे. मग बरोबर कोण? याचं उत्तर ब्राउनिंग यांच्या आयुष्यात सापडतं. चला, बघूया.

भंगारातून सुरुवात

ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतल्या युटामध्ये, ऑग्डेन या गावात झाला. वडील जोनाथन बंदुका बनवायचे आणि दुरुस्त करायचे. दुकानातलं भंगार हेच जॉनचं खेळणं. त्यातूनच लहान वयात त्यांनी पहिली बंदूक जोडली. इंजिनिअरिंगचं शिक्षण शून्य. आम्ही चार वर्षं कॉलेजात घासून पदवी घेतली, आणि हा माणूस आधी डोक्यात मशीन चालवून बघायचा, मग हाताने पार्ट बनवायचा!

१८७९ मध्ये त्यांना पहिलं पेटंट मिळालं. एका वेळी एकच गोळी झाडणारी ती रायफल होती. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचा माणूस थेट ऑग्डेनला आला आणि ८,००० डॉलरला तिचे हक्क घेऊन गेला. पुढची जवळपास वीस वर्षं ब्राउनिंग यांची डिझाइन्स विंचेस्टरच्या नावाने विकली गेली. १८९४ ची रायफल आणि १८९७ ची शॉटगन त्यातल्याच. पुढे पैशांवरून बिनसलं आणि १९०२ मध्ये ते आपली ऑटोमॅटिक शॉटगन घेऊन बेल्जियमच्या एफएन कंपनीकडे गेले.

वाया जाणारा गॅस

१८८९ च्या सुमारास त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. गोळी सुटली की नळीसमोरचं गवत वाकतं. म्हणजे गोळीमागच्या गॅसची ताकद फुकट जाते. मग तिलाच कामाला का लावू नये?

गॅस-ऑपरेटेड बंदुकीची आयडिया हीच. नळीला छोटं भोक असतं. गोळी त्याच्या पुढे गेली की थोडा गॅस भोकातून खाली येतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टनमुळे बोल्ट उघडतो आणि रिकामं काडतूस बाहेर पडतं. स्प्रिंग सगळं पुन्हा पुढे आणते आणि नवी गोळी आत बसते. बीएआर याच तत्त्वावर चालते.

मुलाच्या हातातली बंदूक

२७ फेब्रुवारी १९१७ रोजी वॉशिंग्टनमध्ये ब्राउनिंग यांनी बीएआर जाहीरपणे चालवून दाखवली. सव्वा महिन्यातच अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सरकारने त्यांच्या डिझाइन्सच्या हक्कांसाठी साडेसात लाख डॉलर देऊ केले. प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी घेतली असती तर याच्या कितीतरी पट मिळाले असते. पण त्यांनी घासाघीस न करता ती रक्कम मान्य केली.

१९१८ मध्ये बीएआर फ्रान्सला पोचली. तिथे सैनिकांना ती चालवायला शिकवणाऱ्यांत एक तरुण अधिकारी होता, व्हॅल ब्राउनिंग. जॉन यांचा मुलगा. बापाने डिझाइन केलेली बंदूक घेऊन मुलगा खऱ्या युद्धात होता. ती अडकली असती तर किंमत कोणी मोजली असती, हे वेगळं सांगायला नको.

व्हेरियंट नीट समजून घ्या

मूळ एम१९१८ सुमारे सव्वासात किलोची. बायपॉड नाही, मॅगझिन २० गोळ्यांचं. चालता चालता कमरेपासून फायर करायचा, ही त्यामागची कल्पना. सिंगल आणि ऑटो, दोन्ही मोड होते.

१९३७ च्या एम१९१८ए१ ला बायपॉड मिळाला. त्यानंतरच्या ए२ मध्ये सिंगल मोडच काढून टाकला. त्याऐवजी ऑटोचेच दोन वेग आले, एक हळू आणि एक जलद. वजन पावणेनऊ किलोच्या आसपास गेलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन स्क्वाडने हीच बंदूक एलएमजी म्हणून वापरली.

म्हणजे दोन्ही गेम आपापल्या जागी बरोबर आहेत! बंदूक जन्माला आली रायफल म्हणून, आणि सैन्याने तिला काम दिलं एलएमजीचं. पण त्या कामात ती कमी पडायची. मिनिटाला ६०० गोळ्यांच्या वेगाने २० गोळ्या दोन सेकंदांत संपतात. शिवाय गरम झालेली नळी लढता लढता बदलता येत नाही. ब्रिटिशांच्या ब्रेन गनमध्ये ३० गोळ्यांचं मॅगझिन आणि झटकन बदलता येणारी नळी, दोन्ही होतं.

गेम कुठे चुकतात?

बॅटलफील्ड १ मधले बीएआरचे 'ट्रेंच', 'स्टॉर्म' आणि 'टेलिस्कोपिक' हे प्रकार गेम डिझायनरांचे आहेत, सैन्याचे नाहीत. ए२ म्हणून दाखवलेली बीएआर सिंगल मोडवर एकेक गोळी झाडत असेल, तर ती अस्सल ए२ नाही. बीजीएमआयची विन९४ पिस्तुलाची .४५ एसीपी गोळी वापरते. खऱ्या मॉडेल १८९४ ची ओळख .३०-३० या रायफलच्या काडतुसाने झाली. आणि नऊ किलोचं ओझं घेऊन दिवसभर चालणं तर कुठलाच गेम दाखवू शकत नाही.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियमच्या लीएज शहरात, एफएनच्या कारखान्यात, काम चालू असतानाच ब्राउनिंग यांचं हृदय बंद पडलं. ते तेव्हा मुलाच्याच, व्हॅलच्या ऑफिसात होते. पेटंट होती १२८. बीएआरचा बोल्ट लॉक करण्याची पद्धत एफएनने पुढे उलटी करून मॅग मशीनगनमध्ये वापरली. आपल्या लष्कराकडे असलेली मॅग कानपूरला बनते.

पुढच्या वेळी गेममध्ये बीएआर हाती आली, की ट्रिगर दाबून मनात एक, दोन मोजा. मॅगझिन संपलेलं असेल. स्क्रीनवर मेलात तर रिस्पॉन आहे. व्हॅलच्या शेजारी उभ्या असलेल्या पोरांना तो नव्हता.