भिंतीतल्या उष्णतेचा हिशेब मांडणारे जोसेफ फूरिए

इमारतीचा आराखडा करताना अभियंते आता भिंतीचा, खिडकीच्या चौकटीचा किंवा स्लॅबच्या कडेचा छेद संगणकावर काढतात. कोणता थर कोणत्या पदार्थाचा आहे आणि आत-बाहेर तापमान किती आहे, एवढे सांगितले की काही क्षणांत त्या छेदावर लाल ते निळ्या रंगांचे पट्टे उमटतात. उष्णता नेमकी कुठून आत शिरते आणि कुठून निसटते, ते डोळ्यांना दिसू लागते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेचे ‘थर्म’ हे याच कामाचे सॉफ्टवेअर आहे. या आकडेमोडीच्या मुळाशी असलेले समीकरण मात्र दोनशे वर्षांहून जुने आहे. ते मांडणारे जोसेफ फूरिए त्या वेळी फ्रान्समधील एका प्रांताचा कारभार सांभाळत होते. त्यांचे हे काम ग्रंथरूपाने जगापुढे येण्यास पंधरा वर्षे लागली.

फूरिए यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ओसेर या गावी एका शिंप्याच्या घरी झाला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते आई-वडिलांना पारखे झाले. गावातील बेनेडिक्टाइन धर्मगुरूंच्या सैनिकी शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि तेथेच त्यांना गणिताची गोडी लागली. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे जमवून ते रात्री अभ्यास करीत, असे सांगितले जाते. उमराव घराण्यात जन्म नसल्याने सैन्याच्या तोफखान्याचे दार त्यांना बंद झाले. मग धर्मगुरू होण्यासाठी त्यांनी मठात प्रवेश घेतला. पण १७८९ मध्ये दीक्षा न घेताच ते बाहेर पडले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा भडका उडाला होता.

ओसेरच्या क्रांतिकारी समितीत फूरिए सामील झाले. मात्र दहशतीच्या पर्वात, १७९४ मध्ये, त्यांनाच अटक झाली. रोबेस्पिएरचा पाडाव झाल्यावर त्यांची सुटका झाली. पुढल्याच वर्षी पॅरिसच्या नव्या अध्यापक विद्यालयात लाग्रांज, लाप्लास आणि माँज अशा दिग्गजांपुढे बसून शिकण्याची संधी त्यांना मिळाली. १७९७ मध्ये पॅरिसच्या पॉलिटेक्निकमध्ये लाग्रांज यांच्याच जागी त्यांची नेमणूक झाली. १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर ते इजिप्तला गेले व कैरो येथील विद्वत्सभेचे सचिव झाले. १८०१ मध्ये परतल्यावर त्यांना पॅरिसमध्ये अध्यापन करायचे होते. पण नेपोलियनने त्यांना इझेर प्रांताचे प्रशासक म्हणून ग्रनोबलला धाडले.

आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्याशी तुलना करता येईल असे हे पद होते. बूर्ग्वाँजवळच्या दलदलीचा निचरा आणि ग्रनोबल ते तुरीन रस्त्याचे काम यांत त्यांचे दिवस जात. या धबडग्यातच त्यांनी उष्णतेचा प्रश्न हाती घेतला. तापलेल्या लोखंडी कड्यावर निरनिराळ्या ठिकाणी तापमापक लावून उष्णता कशी पसरते, याच्या नोंदी ते घेऊ लागले.

आरंभी त्यांनी उष्णतेची देवाणघेवाण करणाऱ्या सुट्या वस्तूंची एक ओळ कल्पिली आणि प्रत्येक वस्तू शेजारणीला किती उष्णता देते, याचा हिशेब मांडला. त्या वाटेने अखंड पदार्थापर्यंत पोहोचताना अडचण आली, तेव्हा त्यांनी वेगळी दिशा धरली. तापमान जितक्या झपाट्याने उतरते, तितक्या प्रमाणात उष्णतेचा प्रवाह वाहतो, हे त्यांनी सूत्रबद्ध केले. प्रत्येक पदार्थाच्या वाहकतेला त्यात स्वतंत्र स्थान दिले. स्थळ आणि काळ यांनुसार तापमान कसे बदलते, हे सांगणारे समीकरण त्यातूनच आले. ते सोडविण्यासाठी त्यांनी एक धाडसी मार्ग शोधला. तापमानाची कोणतीही मांडणी साध्या त्रिकोणमितीय लहरींच्या बेरजेने दाखविता येते, असा त्यांचा दावा होता.

२१ डिसेंबर १८०७ रोजी हा प्रबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे वाचण्यात आला. परीक्षक होते लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्रवा. लहरींच्या बेरजेचा दावा लाग्रांज यांना मुळीच पटला नाही आणि प्रबंध प्रसिद्ध झाला नाही. पुढे सभेने उष्णतेच्या प्रसरणावरच स्पर्धा जाहीर केली. फूरिए यांनी १८११ मध्ये सुधारित प्रबंध पाठविला. पारितोषिक त्यांनाच मिळाले. पण त्यांच्या मांडणीत काटेकोरपणा व व्यापकता कमी असल्याचा शेरा मारण्यात आला. हाही प्रबंध तेव्हा छापला गेला नाही. आपल्याच गुरूंनी दिलेला हा नकार फूरिए यांच्या जिव्हारी लागला. तरीही त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही.

राजकारणानेही त्यांची परीक्षा पाहिली. १८१५ मध्ये नेपोलियन एल्बाहून परतला, तेव्हा त्याने फूरिए यांना ऱ्होन प्रांताचे प्रशासक केले. मात्र लवकरच त्यांनी ते पद सोडले. नेपोलियनच्या पराभवानंतर ते पॅरिसमध्ये सांख्यिकी कार्यालयात काम करू लागले. १८१६ मध्ये विज्ञान अकादमीने त्यांची निवड केली, तर नेपोलियनशी असलेल्या संबंधांमुळे अठराव्या लुईने ती रोखली. १८१७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. अखेर १८२२ मध्ये उष्णतेच्या विश्लेषणात्मक सिद्धांतावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते अकादमीचे कायम सचिव झाले. तेव्हा त्यांचे वय ५४ वर्षांचे होते.

भर उन्हात तापलेली भिंत रात्री उशिरा घरात उष्मा का सोडते, याचे उत्तर याच सिद्धांतात आहे. तापमानाची लहर पदार्थात शिरताना मंदावते व तिला विलंब होतो. लहर जितकी सावकाश, तितकी ती खोल जाते. म्हणूनच उन्हाळा-हिवाळ्याची वार्षिक लहर जमिनीत रोजच्या दिवस-रात्रीच्या लहरीपेक्षा सुमारे १९ पट खोल पोहोचते आणि तळघरातील हवामान फारसे बदलत नाही.

एकसारख्या, सपाट भिंतीतून जाणारी उष्णता कागदावरही काढता येते. खरी कसोटी लागते ती कोपऱ्यात, बाल्कनी जेथे स्लॅबला मिळते त्या जागी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीत. ॲल्युमिनियमची वाहकता थर्मोकोलच्या काही हजार पट असते. उष्णता अशा सोप्या वाटेकडे वळते आणि थंड देशांत त्याच जागी भिंतीला आतून ओल व बुरशी धरते. येथे सॉफ्टवेअर छेदाचे हजारो लहान तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याचा शेजाऱ्याशी असलेला हिशेब जुळविते. सुट्या वस्तूंची जी कल्पना फूरिए यांनी आरंभी वापरली होती, तिच्याशी या पद्धतीचे जवळचे नाते आहे. भारतातही २००७ मध्ये आलेल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने भिंती व छतांतून किती उष्णता जाऊ द्यावी, याच्या मर्यादा घालून दिल्या.

सॉफ्टवेअर बरोबर उत्तर देते की नाही, हे कसे ठरवायचे? त्यासाठी ‘आयएसओ १०२११’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातील पहिल्या कसोटीत एका चौरस खांबाचा छेद घेतात. एक बाजू २० अंशांवर आणि उरलेल्या तीन शून्यावर असतात. अर्ध्या छेदातील २८ बिंदूंची तापमाने गणिताने आधीच काढलेली आहेत. सॉफ्टवेअरचे उत्तर कोणत्याही बिंदूवर ०.१ अंशापेक्षा अधिक चुकता कामा नये. ही तापमाने मिळतात ती लहरींच्या त्याच बेरजेतून, जी १८०७ मध्ये लाग्रांज यांनी नाकारली होती. स्वतः फूरिए यांनीही आयताकृती पट्टीचा असाच प्रश्न सोडविला होता. ज्या गणितात काटेकोरपणा नाही असे म्हटले गेले, तेच आज काटेकोरपणाचे माप ठरले आहे.

या दाव्याला पहिला भक्कम आधार मिळाला तो १८२९ मध्ये. जर्मन गणिती डिरिक्ले यांनी अशा श्रेढी कोणत्या अटींवर खऱ्या ठरतात, याची सिद्धता दिली. इजिप्तहून परतल्यापासून फूरिए यांना थंडी सोसत नसे. खोली तापवून, अंगावर जाड कपडे चढवून ते बसत, असे सांगतात. १६ मे १८३० रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. पुढे आयफेल टॉवरवर ज्या ७२ शास्त्रज्ञ व अभियंत्यांची नावे कोरली गेली, त्यांत ओसेरच्या या शिंप्याच्या मुलाचेही नाव आहे.