कोडेकार हेन्री ड्यूडनी

गणिताचे नाव निघताच ज्यांच्या कपाळास आठ्या पडतात, अशा आमच्या विद्यार्थिमित्रांसाठी एका इंग्रज कोडेकाराचे चरित्र आम्ही येथे मुद्दाम देत आहो.

हेन्री अर्नेस्ट ड्यूडनी यांचा जन्म ता. १० एप्रिल १८५७ रोजी ससेक्स परगण्यातील मेफील्ड या गावी झाला. त्यांचे आजोबा मूळचे मेंढपाळ. मेंढरे राखता राखता त्यांनी स्वतःच्या उद्योगाने गणित व ज्योतिष हस्तगत केले आणि पुढे ते शिक्षक झाले. नातवाच्या वाट्यास विद्यापीठ आले नाही. तेराव्या वर्षीच त्यांस कारकुनी पत्करावी लागली. परंतु फावला वेळ त्यांनी गणिताकडे लाविला आणि बुद्धिबळाच्या पटावरील प्रश्नांचा नाद असल्यामुळे ते कोडीही रचू लागले. 'स्फिंक्स' या टोपणनावाने ती प्रसिद्ध होत.

अमेरिकेतील नामांकित बुद्धिबळप्रश्नकार सॅम लॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार जुळला. ड्यूडनी निष्कपटपणे आपली कोडी कळवीत. लॉइड त्यांतील कित्येक स्वतःच्या नावावर छापीत. हे ध्यानी येताच ड्यूडनींनी तो संबंध तोडिला. लॉइड बुद्धीने थोर खरे. परंतु पंधरा सरकत्या ठोकळ्यांचे प्रसिद्ध कोडेही त्यांनी आपलेच म्हणून मिरविले, आणि तो दावा खोटा होता हे आज सिद्ध झाले आहे.

ड्यूडनींनी मात्र स्वतःच्या बुद्धीवरच भिस्त ठेविली. समभुज त्रिकोणाचे चार तुकडे करून त्यांचाच चौरस जुळविण्याचे त्यांचे कोडे विख्यात आहे. १९०५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी ते बिजागऱ्या लाविलेल्या लाकडी तुकड्यांनी करून दाखविले. १९०७ साली त्यांचे 'कँटरबरी पझल्स' हे पुस्तक निघाले. १९२४ साली 'स्ट्रँड' मासिकात त्यांनी इंग्रजी शब्दांची बेरीज घातली: 'सेंड' अधिक 'मोअर' बरोबर 'मनी'. प्रत्येक अक्षरास निराळा अंक दिला असता ९५६७ व १०८५ मिळून १०६५२ होतात. दुसरे उत्तर नाही.

एप्रिल १९३० मध्ये ते निवर्तले. त्रिकोणाचे ते काम तीन तुकड्यांत होईल काय, हा प्रश्न मागे राहिला. तुकडे न उलटता ते अशक्य आहे, हे गणितज्ञांनी २०२४ साली सिद्ध केले.

दुसऱ्याच्या वहीतील उत्तर उतरून घेण्याचा मोह होईल, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी या दोन पुरुषांचे स्मरण करावे. उसनी कीर्ती एक दिवस परत करावीच लागते. स्वकष्टाने सोडविलेले लहानसे उदाहरणही जन्मभर आपलेच राहते.